कळल्याची तारीख

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

रजिस्टर आजपासून बंद. प्रेमराज सरांनी सकाळीच सांगितलं. नोंदी आता मशीन ठेवेल, एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही. प्रयोगशाळा त्यांची आहे. मी अठरा वर्षांची रजिस्टरं कपाटात रचली आणि किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

येताना ही वही घेतली. काय लिहायचं ते ठरवलेलं नाही. हात रिकामा असला की मला एका जागी बसवत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

मशीन कपाटाएवढं आहे, पुढून काचेचं. आत एक हात. तो प्लास्टिकची बारीक टिप उचलतो, नळीतला थेंब घेतो, पांढऱ्या प्लेटमधल्या एका घरात सोडतो, टिप टाकून देतो, नवी उचलतो. प्लेटमध्ये अशी शहाण्णव घरं. माझा हात इतका सरळ कधीच गेला नाही.

ते चालवणार हसीब. सव्वीस वर्षांचा, पुण्याला शिकून आलेला, घर इथंच मेहरूणला. मला मॅडम म्हणतो आणि दर दोन वाक्यांमागे चिडवतो.

"मॅडम, तुम्ही अठरा वर्षं जंतूंना साखर खायला घालून नाव विचारत होता. हे सरळ आधार कार्ड बघतं."

खोटं नाही. केळीच्या टिश्यूच्या रोपांत काही संशय आला की मी ते प्लेटवर वाढवायची, रंग द्यायची, वेगवेगळ्या साखरांवर टाकायची. आठ दिवसांनी नाव सांगायची, तेही 'बहुधा' लावून. हे मशीन जिवाणूचा डीएनए काढतं, त्यातला ठरावीक तुकडा वाचायला तयार करतं, आणि दोन दिवसांत नाव येतं. 'बहुधा' नाही.

मी विचारलं, मग माझं काम काय?

"यादी. नमुना कुणाचा ते मशीनला कुठं माहीत असतं?"

१५ सप्टेंबर, सोमवार

पहिली खरी खेप. चोवीस नमुने. तेवीस नर्सऱ्यांची केळीची रोपं, चोविसावी चोपड्याहून आलेली जिवाणू खताची बाटली. पंचविसाव्या नळीत नुसतं निर्जंतुक पाणी. त्यात काही सापडायला नको. सापडलं तर सगळी खेप रद्द.

यादी संगणकावर केली. ओळी आणि रकाने रजिस्टरसारखेच आहेत, त्यामुळे बरं वाटलं. पहिल्या ओळीत श्री, खाली मशीनला लागतात तशी इंग्रजीत नावं. सातवं यावलच्या सुनंदाअक्कांचं, आठवं जामनेरच्या चंदनभाऊंचं. सावकाश टाइप केलं, दोनदा ताडून पाहिलं. एकही चूक नाही. नळ्या त्याच क्रमाने हसीबने लावल्या.

पहिल्या फेरीत मशीनने सव्वीस टिपा वापरल्या. एक जास्त. "नवीन आहे, अजून हात बसला नाही त्याचा," हसीब म्हणाला.

सहा वाजता निघाले. करायला काही नव्हतं तरी पावणेसातपर्यंत स्टँडवर उभी होते.

१७ सप्टेंबर, बुधवार

निकाल आले. कागदाच्या सगळ्यात वर दोन रिकामे चौकोन, त्यांच्यापुढे एका साध्या जिवाणूचं नाव. हसीब म्हणाला, फाँटचं काहीतरी असेल, मशीन स्वतःची चाचणी घेतं त्याची ओळ असेल. त्याखाली आमची नावं.

सुनंदाअक्कांच्या नावापुढे कंदकुजीचा जिवाणू.

खताच्या बाटलीपुढे 'काही आढळले नाही'. हसीब खूप हसला. "चोपड्याच्या माणसाने पाणी विकलं की हो." सरही हसले. उलट तेविसाव्या नर्सरीच्या केळीत खतातला जिवाणू सापडला. तो मातीत सगळीकडे असतो, सर म्हणाले. शेवटच्या पाण्यात काही नाही, म्हणजे खेप ग्राह्य.

कंदकुजीचं रोप शेतात महिना-दीड महिना हिरवंगार दिसतं. मग कंद आतून सडतो आणि धक्का लागला की झाड हातात येतं. पाण्याबरोबर शेजारच्याला लागतं. म्हणून नियम कडक आहे. अहवाल खात्याला जातो, आणि आठ दिवसांत सगळा लॉट नष्ट करायचा. म्हणजे गुरुवार, २५ तारीख.

अक्कांची बारा हजार रोपं आहेत. वर्षातला एकच मोठा लॉट.

फोन सर करणार होते. मला करायला सांगितला. अक्कांनी सगळं ऐकलं. "बरं," म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "बरं."

२० सप्टेंबर, शनिवार

अक्का पहिल्या बसने आल्या. पिशवीतून चार रोपं काढून माझ्या टेबलावर ठेवली. चाकू स्वतःचा आणला होता. एकेक कंद उभा चिरला. पांढराशुभ्र.

"यात सड कुठी हाये ते दाखव मले."

मी म्हटलं, अक्का, इतक्यात दिसत नाही ती. डीएनएमध्ये दिसते.

"तू पाह्यली?"

"मशीनने पाहिली."

"मी तुले विचारू राह्यली."

मी नाही म्हटलं. हसीब चहा घेऊन आला. त्याला म्हणाल्या, "तुह्यं मशीन पगार घेते का रे?"

"नाही अक्का."

"मंग त्याले काय फरक पडते."

पुन्हा तपासा म्हणाल्या. सर बाहेर आले, नीट बोलले. एका नमुन्यासाठी खेप लावता येत नाही, पुढची खेप महिनाअखेर, आणि तारीख तर खात्याने दिलेली. "अक्का, यंत्राला तुमच्याशी वैर नाही." अक्कांनी चिरलेले कंद गोळा केले, टेबल पदराने पुसलं. माझं टेबल.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. वाटेत एवढंच बोलल्या, "बुधवारी मानसं मोकळी हायेत. बुधवारीच काय ते करून टाकते. गुरुवारपासून माही केळी कापनी लागते. रोज रोज कोन पाहीन त्यायच्याकडे." मी त्यांना चोपड्याच्या गाडीपाशी नेलं. यावलची पलीकडे लागली होती. त्यांनीच दाखवली.

२१ सप्टेंबर, रविवार

जितेंद्र दीपनगरहून आला. वीजकेंद्रात पाळ्या असतात म्हणून नवरा तिकडेच कॉलनीत राहतो, मी इथं; रविवारी घरी. म्हणाला, जेवताना तू तीनदा उठलीस. मी म्हटलं, मीठ आणायला. म्हणाला, मीठ ताटात होतं.

चोपड्याची बाटली डोक्यातून जात नाही. झाकण मी उघडलं होतं. आंबूस, ओल्या मातीचा वास आला होता. पाण्याला वास नसतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

बाटलीतला एक थेंब जुन्या पद्धतीने प्लेटवर पसरला. उबवणीच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बाई मशीनवर रुसलीय असं होईल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

प्लेट भरून आली होती. कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती, कडा फाटक्या. खतातला जिवाणू, तोच. हजारदा पाहिलाय. बाटलीत पाणी नाही.

निकालाचा कागद घेतला. हे नाव कागदावर आहे, फक्त एक ओळ वर, तेविसाव्या नर्सरीपुढे. आणि बाटलीपुढे जे 'काही आढळले नाही' आहे, ते तिच्याखालच्या पाण्याचं असायला हवं. मी पट्टी लावली आणि सगळी नावं एक ओळ वर सरकवून वाचली. नीट बसली. वर वर जात शेवटी त्या दोन चौकोनांपाशी आले.

यादी उघडली. पहिल्या ओळीत श्री.

ते मी लिहिलं. लिहिताना लिहितोय असं वाटतही नाही. रजिस्टरात ती ओळ कुणी मोजत नाही. मशीनने मोजली. श्रीला पहिलं घर दिलं. पहिल्या घरात पहिला नमुना होता, तो श्रीच्या नावावर गेला. दुसरा पहिल्याच्या, तिसरा दुसऱ्याच्या. आठवा सातव्याच्या.

आठवा जामनेरचा. अक्कांच्या रोपांत काही नाही.

हे कळलं तेव्हा साडेबारा वाजले होते. डबा उघडला आणि बंद केला. चोवीसच्या चोवीस अहवाल चुकीच्या माणसाला गेलेत. बाकीच्या एकवीस नर्सऱ्यांत साधे निरुपद्रवी जिवाणू आहेत, त्यांना फरक पडणार नाही; बाटलीवाल्याचं दुरुस्तीच्या कागदाने भागेल. दोघांना पडतो.

सरांना सांगायला दोनदा दारापर्यंत गेले. ते फोनवर होते. दुसऱ्या वेळी फोनवर नव्हते, पण हिशेबाचे गृहस्थ बसले होते.

अजून मुदत आहे. गुरुवार पंचवीस. एकदा चुकीचं सांगून झालं आहे, दुसऱ्यांदा चुकीचं सांगायचं नाही. सर नाही म्हणाले होते, तरी उद्या सातवा आणि आठवा पुन्हा लावायचा. दोनच नमुने असले की चोवीस तासांत होतं. परवा सकाळी हातात कागद असेल, मग फोन. हेच पद्धतशीर आहे.

सुटल्यावर मेहरूण तलावाला दोन फेऱ्या मारल्या. मोबाईल दोनदा पर्समधून काढला. चार्जिंग कमी होतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

हसीबला सांगितलं. त्याने यादी पाहिली, बराच वेळ. मग म्हणाला, "आमचे अब्बा दुकानाच्या प्रत्येक पावतीवर वर ७८६ लिहितात. यादी मी केली असती आणि ते टाकलं असतं, तर आकडा म्हणून गेलं असतं. चौकोनसुद्धा दिसले नसते." हसला नाही. चौकोन त्यालाही दिसले होते, आणि सव्वीस टिपा त्यानेच मोजल्या होत्या. "दोघांचं आहे मॅडम हे," म्हणाला.

दोन्ही नमुने नव्याने लावले. यादीत पहिल्या ओळीत सातवा. श्री न लिहिता सुरुवात करताना बोट कीबोर्डवर थांबलं.

"अक्कांना फोन केला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, निकाल येऊ दे.

दुपारी सगळे फ्लास्क धुतले. धुतलेलेच होते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

साडेनऊला निकाल. अक्कांचा नमुना स्वच्छ. जामनेरच्यात कंदकुज.

लगेच फोन लावला. मागे ट्रॅक्टर चालू होता.

"अक्का, तुमचा लॉट चांगला आहे. काही करू नका. थांबा."

"कोनता लॉट?" अक्का म्हणाल्या.

काल सकाळी सातला माणसं आली. खड्डा परवाच खणून ठेवला होता. बारापर्यंत सगळी रोपं आत, वर ब्लीचिंग पावडर, वर माती, खात्याने सांगितलं होतं तसं. त्यांनी फोटोही पाठवला होता खात्याला.

मी काय बोलले आठवत नाही. फोन त्यांनी ठेवला.

सरांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. पाणी दिलं मला. म्हणाले, नूतन, श्री कोण नाही लिहीत. मी पण लिहितो. मग चंदनभाऊंना फोन लावायला सांगितला. तो लागला नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

यावलला गेले. एकटी. कागद घेऊन.

अक्का शेडमध्ये होत्या. हिरव्या जाळीखाली रिकामे ट्रे एकावर एक रचलेले. जमीन झाडून ठेवलेली. मी सगळं सांगितलं. पहिली ओळ, श्री, एक घर पुढे. त्यांना एकदा सांगून कळलं. त्या स्वतः वहीत तसंच लिहितात.

"मंजे माही सड जामनेरवाल्याची."

"हो."

"आनि त्याची रोपं?"

"विकली गेली बहुतेक. शोधतोय."

मग विचारलं, "तुले कधी कळलं?"

मी म्हटलं, "काल."

"काल. मंजे आमी टाकल्यावर."

"हो अक्का."

त्यांनी मान हलवली. "मंग तुह्यी काय चूक. मानूसच हाये तू." सुनेला हाक मारली, चहा ठेवायला सांगितला. चहा प्यावा लागला. निघताना हातात घडातली चार केळी दिली.

पक्कं कालच झालं. निकाल काल आला. खोटं बोलले नाही.

केळी बसमध्ये शेजारच्या बाईला दिली.

२७ सप्टेंबर, शनिवार

चंदनभाऊ सापडले. "मॅडम, तुमचाच कागद आहे माझ्याकडे. स्वच्छ लिहिलंय. तुमचाच शिक्का." लॉट १९ तारखेलाच धुळ्याला गेला. तिथे हबीब म्हणून रोपांचे व्यापारी आहेत, त्यांनी शेतकऱ्यांना वाटला. हबीबभाईंना फोन केला. म्हणाले, ताई, फोनवर असं कुणी पण सांगेल, उद्या माझा धंदा बंद पाडायला कुणी पण सांगेल. दुरुस्तीचा कागद घेऊन या, सही-शिक्क्याचा, मग मी गावं दाखवतो.

कागद सोमवारी होईल.

२८ सप्टेंबर, रविवार

जितेंद्रला सांगितलं. अक्कांना सांगितलं तेवढंच. तो वांगी चिरत होता. म्हणाला, "आमच्याकडे बिघाड झाला म्हणून कुणी खात नाही. अलार्म कितीला वाजला आणि तू बटण कितीला दाबलंस, एवढंच विचारतात. मधली मिनिटं."

मी म्हटलं, ते वीजकेंद्र आहे.

"हो ना," म्हणाला. वांगी चिरत राहिला.

तो पाळीवर गेल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. वीस तारखेचं पान. 'बुधवारी मानसं मोकळी हायेत. बुधवारीच काय ते करून टाकते.' माझं अक्षर. त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय, म्हणजे ऐकलं होतं. मंगळवारी मला गुरुवार आठवत होता. खात्याची तारीख आठवत होती. अक्कांची आठवली नाही.

नाही आठवली, की नको होती?

मंगळवारी साडेबारा ते सुटेपर्यंत साडेपाच तास होते. रात्र होती. बुधवारी सात वाजेपर्यंत किती ते मोजलं. साडेअठरा.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुरुस्ती अहवाल. छापील नमुना आहे. चुकीचं स्वरूप. चुकीचं कारण. चूक लक्षात आल्याची तारीख. भरपाईची जबाबदारी. सही.

सरांनी तोंडी सांगितलं, मी लिहायचं. "कारण : सॉफ्टवेअरमधील त्रुटी. देवनागरी अक्षरं न ओळखणं ही त्रुटीच आहे, खोटं नाही लिहीत आपण. तारीख : पंचवीस."

मी म्हटलं, तेवीस.

"तेवीसला तुला शंका आली. पंचवीसला निकाल आला. शंकेची तारीख कुणी लिहितं का?"

"शंका नव्हती सर. यादीत श्री दिसल्यावर शंका राहिली नव्हती."

"आणि नष्ट केलं चोवीसला." त्यांनी चष्मा काढला. "तेवीस लिहिलंस तर काय होतं, कळतंय ना? चूक झाली हे एक. माहीत असून दिवस घालवला हे दुसरं. पहिल्यात प्रयोगशाळा माफी मागते, भरपाई देते, पुढे चालते. दुसऱ्यात मला तुला ठेवता येणार नाही. मला ठेवायचं आहे."

हसीब दारात उभा होता. सर त्याला म्हणाले, "तू सांग हिला."

हसीब म्हणाला, "सर, मशीनच्या लॉगमध्ये आहे. तेवीसला बारा एकतीसला यादी उघडली. नूतन मॅडमच्या पासवर्डने."

"ते कोण बघतंय."

"कुणीच नाही. मी आपलं सांगितलं."

सर आत गेले. मी कारणात लिहिलं : यादी करताना पहिल्या ओळीत श्री लिहिले, त्यामुळे सर्व नावे एका घराने सरकली. तारीख २३. सही केली. हसीबने खाली स्वतःची केली. त्याची जागा नव्हती नमुन्यात, समासात केली. सरांनी शिक्का मारला. मान वर केली नाही. म्हणाले, महिनाअखेर बोलू. मग लक्षात आलं, महिनाअखेर उद्याच आहे. "दसरा होऊ दे," म्हणाले.

३० सप्टेंबर, मंगळवार

यावल. अक्का ओट्यावर बसून लिंबू कापत होत्या, लोणच्याचं. मी कागद दिला. त्या ओठ हलवत वाचतात. तारखेपाशी ओठ थांबले.

"तेवीस."

"हो."

"तू तं 'काल' म्हनली होती."

"खोटं बोलले."

त्यांनी बोटांवर वार मोजला. "तेवीस मंगळवार." कागद मांडीवर ठेवला, हाताने सपाट केला. "मंगळवारी संध्याकाळी मी पानी देल्लं त्यायले. सून म्हने, उद्या पुरायची तं कायले पानी देता. मी म्हनलं, तहानलेली कायले पुरू."

मी उभी होते.

"जाय आता," म्हणाल्या.

रागाने नाही. काम राहिलंय अशा आवाजात. कागद परत दिला नाही. मी स्टँडपर्यंत चालत आले. गाडी उभी होती, बसले नाही. पुढच्या गाडीपर्यंत स्टँडमध्ये या टोकाकडून त्या टोकाला चालत राहिले. कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठं जायचंय बाई?

१ ऑक्टोबर, बुधवार

धुळ्याला हसीब बरोबर आला. सुट्टी टाकून, स्वतःहून. एरंडोल, पारोळा, धुळे. बसमध्ये सगळीकडे झेंडूचे भारे. पाय ठेवायला जागा नव्हती.

हबीबभाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "तेवीसला कळलं, आणि मला सत्तावीसला फोन." मी हो म्हटलं. त्यांनी वही काढली. चार शेतकरी. तिघांनी अजून लावलेली नाहीत, दसरा झाल्यावर लावणार होते. ती परत येतील. त्यांनी माझ्यासमोर तिघांना फोन केले. चौथे भिकन नाना, शिरपूर रस्त्याला. त्यांनी लावली आहेत. दोन हजार.

"उद्या दसरा," हबीबभाई म्हणाले, "आणि तुम्ही आज पीक उपटा म्हणून सांगायला चाललात. बोहनी चांगली आहे." मग हसीबला विचारलं, नाव काय? हसीबने सांगितलं. "एक अक्षर इकडंतिकडं. मीच आलो असं समजतील. चला, मीच येतो." गाडी काढली.

नानांचं शेत रस्त्यापासून आत. हातभर उंच रोपं, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, पाणी चालू. हिरवी, ताठ. एकही पान पिवळं नाही. नाना सत्तरीचे. हबीबभाईंनी सांगायला सुरुवात केली. नानांनी हात वर करून थांबवलं आणि आम्हाला रोपांकडे नेलं.

"हाई देखा. बठ्ठं बरं शे. कसाले उपटाले सांगतस?"

हसीबने सांगितलं, वरून सगळं बरंच दिसणार, सड आत असते, महिनाभर दिसत नाही, मग पाण्याबरोबर सगळ्या शेतात जाते. नाना ऐकत होते. वाकून एका रोपाचं पान दोन बोटांत धरलं होतं. शेवटी म्हणाले, भरपाई कोण देईल? हबीबभाई म्हणाले, प्रयोगशाळा. कागदावर आहे. बरं, म्हणाले. नशीब, लवकर आलात.

त्यांनी तारीख विचारली नव्हती. कुणी सांगितली नसती तर कळलीही नसती.

मी म्हटलं, "नाना, लवकर नाही आलो. मला हे तेवीस तारखेला कळलं होतं. मंगळवारी."

नानांनी पान सोडलं.

"तेवीसले?" म्हणाले. "तव्हय तं निम्मा रोपे छपराखाल व्हतात. शुक्रवारे लावात मी."

हजार रोपं छपराखाली होती. शुक्रवारी लावली. शुक्रवारी मी यावलला चहा पीत होते. मी इतके दिवस अक्कांचे साडेअठरा तास मोजत होते. हे मोजलंच नव्हतं. हसीब माझ्याकडे पाहत नव्हता. हबीबभाई बांधावर जाऊन उभे राहिले.

नाना मग जाऊन ठिबकचा कॉक बंद करून आले.

मी विचारलं, शुक्रवारी लावलेल्या ओळी कोणत्या? त्यांनी बोटाने दाखवल्या, विहिरीकडच्या. मी चपला काढल्या आणि तिकडून उपटायला सुरुवात केली.